कृष्णविवरांविषयी लिहिता-बोलताना या चुका टाळा

खगोलशास्त्रावरचे लेख, भाषणांचे मसुदे आणि विद्यार्थ्यांचे प्रकल्प नजरेखालून घालायला माझ्याकडे येत असतात. विषय कृष्णविवरांचा असला की लाल पेन कुठे कुठे चालवावं लागणार, हे पहिलं पान उलटायच्या आधीच मला कळलेलं असतं. चुका त्याच त्या. माणसं बदलतात, वाक्यं जवळपास तीच राहतात, आणि बहुतेक वेळा ती कुठून तरी जशीच्या तशी उचललेली असतात.

या चुका करणारी माणसं आळशी नसतात, उतावीळ असतात. त्यांना थेट घटना क्षितिजावर, म्हणजे जिच्या आतून प्रकाशही बाहेर येऊ शकत नाही त्या कृष्णविवराच्या हद्दीवर, उडी मारायची असते, आणि वस्तुमान व अंतर हे दोन आकडे मांडून बघायला पाच मिनिटं द्यायची नसतात. ती पाच मिनिटं दिली तर खालच्यातल्या निम्म्या चुका होणारच नाहीत.

कृष्णविवर आजूबाजूचं सगळं ओढून घेतं

ही चूक कृष्णविवरांच्या पाचवीला पुजलेली आहे. जवळपास प्रत्येक मसुद्यात कृष्णविवर काहीतरी 'गिळत' असतं, 'शोषत' असतं, नाहीतर शेजारच्या ताऱ्यांवर 'झडप घालत' असतं.

एका विज्ञान प्रदर्शनात मला परीक्षक म्हणून बोलावलं होतं. एका दालनात ताणून बसवलेलं लवचीक कापड, त्याच्या मधोमध जड लोखंडी गोळा, असा तो सगळीकडे दिसणारा प्रयोग मांडला होता. स्वयंसेवक मुलगा काचेची गोटी कडेने सोडायचा. गोटी गोल गोल फिरत आत यायची आणि गोळ्यावर जाऊन आदळायची. 'बघा, कृष्णविवर ग्रहांना असंच ओढून घेतं,' असं तो म्हणायचा आणि मुलं टाळ्या वाजवायची. तेवढ्यात नऊ-दहा वर्षांच्या एका मुलीने विचारलं, 'मग पृथ्वी सूर्यात का पडत नाही?' त्याने क्षणभर विचार केला आणि ठामपणे उत्तर दिलं, 'कारण सूर्य कृष्णविवर नाही.'

त्या मुलीचा प्रश्न त्या दिवसभरात मी ऐकलेला सगळ्यांत चांगला प्रश्न होता, आणि तिला मिळालेलं उत्तर सपशेल चुकीचं होतं. मी तिथेच थांबले. स्वयंसेवकाला विचारलं, गोटी आत का आली? 'खड्डा आहे म्हणून.' मग ती थेट मध्यात का नाही गेली, आधी इतक्या फेऱ्या का मारल्या? यावर तो गप्प झाला. त्या मुलीनेच कापडावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, 'हे खरखरीत आहे.' बरोबर! कापडाच्या घर्षणाने गोटीचा वेग दर फेरीला कमी होतो, म्हणून ती आत सरकते. घर्षण नसतं तर ती फिरतच राहिली असती. पृथ्वीच्या वाटेवर घर्षण करायला जवळजवळ काहीच नाही, म्हणून ती साडेचारशे कोटी वर्षं फिरते आहे.

आता हिशेब. सूर्याच्या जागी नेमकं सूर्याएवढ्याच वस्तुमानाचं कृष्णविवर ठेवलं, तर पृथ्वीची कक्षा तसूभरही बदलणार नाही. आठ मिनिटांनी उजेड जाईल, पुढे पृथ्वी गोठेल, पण वर्ष तेवढंच राहील. त्या कृष्णविवराच्या क्षितिजाची त्रिज्या असेल जेमतेम ३ किलोमीटर आणि पृथ्वी असेल १५ कोटी किलोमीटरवर. इतक्या लांबून गुरुत्वाकर्षणाला फक्त वस्तुमान कळतं. ते वस्तुमान केवढ्या जागेत दाबून बसवलं आहे, याने काही फरक पडत नाही.

हे निव्वळ कल्पनेतलं आहे असं वाटत असेल तर गाया बीएच१ बघा. २०२२ मध्ये जाहीर झालेलं हे कृष्णविवर आपल्यापासून सुमारे १,५६० प्रकाशवर्षांवर आहे आणि सूर्याच्या साडेनऊ पटींहून थोडं जास्त जड आहे. त्याच्याभोवती आपल्या सूर्यासारखाच एक तारा सुमारे १८६ दिवसांत एक फेरी मारतो. त्या ताऱ्याला काहीही झालेलं नाही. त्यातून वायू ओढला जात नाही, क्ष-किरणांचा झोत नाही. तारा डोलतो आहे हे दिसलं, म्हणून तर ते कृष्णविवर सापडलं.

आकाशगंगेच्या केंद्रातलं सॅजिटेरियस ए* तर ४३ लाख सूर्यांएवढं जड आहे. एस२ नावाचा तारा १६ वर्षांत त्याला एक लांबट फेरी घालतो. मे २०१८ मध्ये तो पृथ्वी-सूर्य अंतराच्या सुमारे १२० पट अंतरापर्यंत जवळ गेला. वेग होता सेकंदाला साडेसात हजार किलोमीटरहून जास्त, म्हणजे प्रकाशाच्या वेगाच्या अडीच टक्क्यांच्या वर. आणि तो वळसा घालून सुखरूप परत निघाला. तेव्हाही तो क्षितिजाच्या त्रिज्येच्या सुमारे १,४०० पट दूर होता.

मग धोका नक्की कुठे सुरू होतो? न फिरणाऱ्या कृष्णविवराभोवती क्षितिजाच्या तिप्पट त्रिज्येच्या आत स्थिर वर्तुळाकार कक्षाच उरत नाही. न्यूटनच्या गणितात असं कधी होत नाही, हा खास आइनस्टाइनच्या सापेक्षतावादाचा भाग आहे. दहा सूर्यांच्या कृष्णविवरासाठी ही हद्द येते ९० किलोमीटरवर. त्याच्या बाहेरची वस्तू आत यायची तर आधी तिला आपलं फिरणं कशाला तरी देऊन टाकावं लागतं. सिग्नस एक्स-१ या कृष्णविवर आणि ताऱ्याच्या जोडीत तेच चाललं आहे. तिथे शेजारच्या निळ्या महाराक्षसी ताऱ्याचा वायू कृष्णविवराभोवती तबकडीसारखा जमतो, त्याचे थर एकमेकांवर घासतात, तापतात, क्ष-किरण फेकतात आणि सावकाश आत सरकतात. न फिरणाऱ्या कृष्णविवरात असा वायू पडताना त्याच्या वस्तुमानाच्या जवळजवळ ६ टक्के ऊर्जा बाहेर पडते. हायड्रोजनच्या अणुसंमीलनातून मिळते ०.७ टक्के. त्या दालनातल्या मुलीने बोट ठेवलं होतं ते घर्षणावर, आणि क्ष-किरणांत लखलखणाऱ्या कृष्णविवरांचं मर्म तिथेच आहे. 'ओढून घेतं' म्हणून मोकळं झालं की हा सगळा भाग वाचकाच्या हातून निसटतो.

माझी सवय सांगते. वहीच्या पानावर सगळ्यांत वर 'एका सूर्यामागे ३ किलोमीटर' असं लिहायचं. कुठल्याही कृष्णविवराचं वस्तुमान कळलं की तीनने गुणायचं, क्षितिजाची त्रिज्या मिळते. मग ज्या वस्तूबद्दल लिहायचं तिचं अंतर शेजारी मांडायचं. दोन आकड्यांमध्ये हजारोंची तफावत दिसली की 'गिळतं' हे क्रियापद आपोआप गळून पडतं. कापडाचा प्रयोग करायला माझी हरकत नाही, पण घर्षणाबद्दल बोलायचं नसेल तर तो करूच नये.

सूर्याच्या १.४ पटींपेक्षा जड तारा कृष्णविवर होतो

ही माझी दुसरी दुखरी नस. १.४ चा हा आकडा खगोलशास्त्रज्ञ सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मर्यादेचा. त्यांच्याबद्दल आपल्याला वाटणारा अभिमान रास्त आहे, म्हणूनच त्यांच्या नावाने चुकीचं विधान खपवलेलं मला अजिबात सहन होत नाही.

एका भाषणाचा मसुदा माझ्याकडे आला होता. त्यात आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा व्याध याचा सुंदर फोटो होता आणि खाली ओळ होती: 'व्याधाचं वस्तुमान सूर्याच्या दुप्पट आहे, म्हणजे चंद्रशेखर मर्यादेपेक्षा जास्त, म्हणून तो एक दिवस कृष्णविवर होईल.' भाषण दुसऱ्याच दिवशी होतं. वक्ता म्हणाला, आता बदलायला वेळ नाही, आणि एवढ्याशा गोष्टीने काय बिघडतं? मी म्हटलं, याच व्याधाला जोडतारा आहे, त्याचं वस्तुमान बघून ये. तो जोडतारा, व्याध-ब, श्वेतबटू आहे, म्हणजे इंधन संपलेल्या ताऱ्याचा मागे उरलेला गाभा. आज त्याचं वस्तुमान जवळजवळ एका सूर्याएवढं आहे, आणि जन्मताना तो सुमारे पाच सूर्यांएवढा होता. पाच सूर्यांचा तारा कृष्णविवर न होता श्वेतबटू होऊन शेजारीच बसला आहे, आणि आपण म्हणतो आहोत की दोन सूर्यांचा व्याध कृष्णविवर होणार! इथे त्याची गाडी अडली, आणि रात्री बसून त्याने ते पान बदललं.

घोळ कुठे होतो ते बघा. चंद्रशेखर मर्यादा ताऱ्याच्या जन्माच्या वस्तुमानाला लागू नाही. ती श्वेतबटूला लागू आहे, म्हणजे इंधन संपल्यावर मागे उरलेल्या गाभ्याला. तारा आयुष्यभर, आणि विशेषतः म्हातारपणी, आपलं बाहेरचं आवरण अवकाशात उधळत असतो. साधारण आठ सूर्यांपर्यंतचे तारे इतकं वस्तुमान गमावतात की उरलेला गाभा मर्यादेच्या आतच राहतो.

१९३० मध्ये इंग्लंडला जाणाऱ्या बोटीवर एकोणीस वर्षांच्या चंद्रशेखरांनी जे गणित मांडलं, ते या गाभ्याचं होतं. श्वेतबटूला तोलून धरतो तो इलेक्ट्रॉनांचा क्वांटम दाब. गाभा जितका जड, तितके इलेक्ट्रॉन जास्त दाटीत कोंबले जातात आणि तितके वेगाने धावतात. पण वेगाला प्रकाशवेगाची मर्यादा आहे. इलेक्ट्रॉन त्या मर्यादेजवळ आले की दाब हवा तेवढा वाढेनासा होतो, गुरुत्वाकर्षण वरचढ ठरतं, आणि सुमारे १.४ सूर्यांपलीकडे श्वेतबटू टिकूच शकत नाही. १९३५ मध्ये ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ आर्थर एडिंग्टन यांनी याला जाहीर विरोध केला. असा तारा आकुंचत आकुंचत जाईल आणि शेवटी प्रकाशही बाहेर सोडणार नाही, हे त्यांना स्पष्ट दिसलं होतं आणि ते त्यांना पटत नव्हतं. चंद्रशेखरांना नोबेल मिळालं ते १९८३ मध्ये.

आणि मर्यादा ओलांडली की लगेच कृष्णविवर, हेही खरं नाही. मध्ये न्यूट्रॉन तारा आहे, म्हणजे कोसळून मुख्यतः न्यूट्रॉनांचाच उरलेला अतिघन गोळा. पंचवीस सूर्यांच्या एखाद्या ताऱ्याचं बघा. त्याचा हायड्रोजन काही दशलक्ष वर्षं पुरतो, पुढची इंधनं भराभर संपत जातात आणि शेवटचं सिलिकॉन जेमतेम दिवसभर टिकतं. मग मध्यभागी लोखंडाचा गाभा साठतो. लोखंडाच्या संमीलनातून ऊर्जा सुटत नाही, म्हणून तिथे भट्टी थांबते. हा गाभा १.४ सूर्यांच्या आसपास पोचला की सेकंदभरही न लागता कोसळतो. आकडा परत तोच आला, पण बघा कशाचा: पंचवीस सूर्यांच्या ताऱ्याच्या पोटातल्या लोखंडी गाभ्याचा. कोसळल्यावर न्यूट्रॉनांचा दाब आणि अणुकेंद्रीय बलं त्याला सावरू शकतात, आणि मग उरतो न्यूट्रॉन तारा. १०५४ मध्ये दिसलेल्या अतिनवताऱ्याच्या, म्हणजे स्फोट होऊन संपलेल्या ताऱ्याच्या, जागी, खेकडा तेजोमेघात, आज असाच न्यूट्रॉन तारा सेकंदाला सुमारे ३० वेळा फिरतो आहे.

न्यूट्रॉन ताऱ्यालाही मर्यादा आहे. ऑपनहायमर आणि व्होल्कॉफ यांनी ती १९३९ मध्ये पहिल्यांदा काढली. आज ती दोन ते अडीच सूर्यांच्या दरम्यान मानतात. नीट मोजलेल्या सर्वांत जड न्यूट्रॉन ताऱ्यांपैकी एक सुमारे २.१ सूर्यांचा आहे. कोसळलेल्या गाभ्यावर वरचा माल परत पडून, किंवा गाभाच फार जड असल्यामुळे ही दुसरी मर्यादा ओलांडली गेली, की मग कृष्णविवर. जन्माचं वस्तुमान किती लागतं? ढोबळपणे वीस-पंचवीस सूर्यांच्या पुढे, पण हाही पक्का आकडा मानू नका. ताऱ्यात जड मूलद्रव्यं किती आहेत, वाऱ्यातून त्याने किती वस्तुमान गमावलं, जोडतारा आहे का, यावर तो हलतो. मृग नक्षत्रातल्या काक्षीचं भाषणात सर्रास कृष्णविवर करून टाकतात. काक्षीचं वस्तुमान बघता न्यूट्रॉन तारा होण्याचीच शक्यता जास्त.

मी ताऱ्याच्या वस्तुमानाचा आकडा दिसला की त्याच्यापुढे 'जन्माचं' की 'गाभ्याचं' हे लिहिल्याशिवाय पुढचं वाक्य वाचत नाही. दोन्ही आकडे एकाच वाक्यात आले असतील तर ते वाक्य तोडायला लावते.

मुक्तिवेगाची पळवाट

'मुक्तिवेग प्रकाशाच्या वेगापेक्षा जास्त होतो, म्हणून प्रकाश सुटू शकत नाही.' मुक्तिवेग म्हणजे वर फेकलेली वस्तू परत न पडता कायमची सुटायला लागणारा वेग. शाळेतल्या सूत्राला जोडता येतं, म्हणून हे वाक्य सगळ्यांना आवडतं. १७८३ मध्ये जॉन मिशेल यांनी आणि पुढे लाप्लास यांनी हाच विचार केला होता, आणि त्यातून त्रिज्येचं सूत्रही बरोबर तेच येतं. म्हणूनच ही पळवाट फसवी आहे.

मुक्तिवेग कमी पडला तरी वस्तू वर जाते, थांबते आणि मग परत पडते. म्हणजे मिशेल यांच्या काळ्या ताऱ्यातून प्रकाश थोडा बाहेर येईल आणि जवळच्या माणसाला दिसेल. शिवाय इंजिन सतत चालू ठेवलं तर रॉकेट हळूहळू का होईना वर चढून बाहेर पडू शकेल. खऱ्या कृष्णविवरात यातलं काहीच शक्य नाही. क्षितिजाच्या आत अवकाशकालाची रचनाच अशी असते की केंद्राकडे जाणं आणि भविष्याकडे जाणं एकच होतं. बाहेरची दिशा उरतच नाही, मग इंजिन कितीही ताकदीचं असो. न फिरणारं धरलं तर सॅजिटेरियस ए* एवढ्या कृष्णविवरात क्षितिज ओलांडल्यापासून शेवटापर्यंत स्वतःच्या घड्याळाने सव्वा मिनिटसुद्धा मिळत नाही. दहा सूर्यांच्या कृष्णविवरात सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी.

सूत्र लक्षात ठेवायला मुक्तिवेग वापरा. कारण सांगताना वापरू नका.

सगळी कृष्णविवरं प्रचंड घन असतात

क्षितिजाची त्रिज्या वस्तुमानाच्या प्रमाणात वाढते आणि घनफळ त्रिज्येच्या घनाच्या प्रमाणात. म्हणून वस्तुमान दसपट झालं की सरासरी घनता शंभरपट घटते. एम८७ दीर्घिकेच्या केंद्रातलं कृष्णविवर सुमारे ६५० कोटी सूर्यांचं आहे. हिशेब केला तर त्याची सरासरी घनता आपण श्वास घेतो त्या हवेच्या निम्म्याहूनही कमी येते. ही सरासरी हे फक्त हिशेबाचं साधन आहे, आत असं पातळ द्रव्य पसरलेलं असतं असा तिचा अर्थ नाही. पण 'चमचाभर द्रव्य डोंगराएवढं जड' हे वाक्य इथे चालत नाही, ते न्यूट्रॉन ताऱ्याचं आहे.

शरीर ताणलं जाण्याचंही तसंच. दहा सूर्यांच्या कृष्णविवरात डोकं आणि पाय यांच्यावरच्या ओढीतला फरक क्षितिजाच्या खूप आधीच माणसाच्या चिंधड्या करेल. एम८७ मधल्या कृष्णविवराचं क्षितिज ओलांडताना मात्र तो जाणवणारही नाही. कुठलं कृष्णविवर ते सांगितल्याशिवाय हे वर्णन करूच नका.

बाहेरून गोठलेलं दिसतं, म्हणजे आत काही पडतच नाही

हा प्रश्न हुशार मुलं विचारतात, म्हणून उत्तर नीट द्यावं. बाहेरून पाहणाऱ्याला पडणारी वस्तू क्षितिजाजवळ मंदावताना दिसते हे खरं. पण तिचा प्रकाश तांबडा होत जातो आणि इतक्या झपाट्याने मंद होतो की ताऱ्याएवढ्या कृष्णविवराच्या बाबतीत मिलिसेकंदांतच ती दिसेनाशी होते. पडणारा स्वतःच्या घड्याळाप्रमाणे ठरावीक वेळात सरळ आत जातो. यावरून 'कृष्णविवरं प्रत्यक्षात तयारच होत नाहीत' असा निष्कर्ष काढणाऱ्यांना मी गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगो या वेधशाळेची १४ सप्टेंबर २०१५ ची नोंद दाखवते. सुमारे ३६ आणि २९ सूर्यांची दोन कृष्णविवरं एकत्र आली, ६२ सूर्यांचं एक झालं, आणि तीन सूर्यांएवढं वस्तुमान गुरुत्वीय लहरी होऊन गेलं. संकेत होता सेकंदाच्या पाचव्या भागाएवढा, आणि नव्या कृष्णविवराचं थरथरून शांत होणंही त्यात सिद्धांताबरहुकूम होतं.

थोडक्यात आटपण्यासारख्या

सूर्य कृष्णविवर होणार नाही, तो श्वेतबटू होईल.

१० एप्रिल २०१९ ला प्रसिद्ध झालेल्या एम८७ च्या चित्रातला केशरी रंग नंतर दिलेला आहे. निरीक्षण १.३ मिलिमीटरच्या रेडिओ लहरींचं होतं. मधला काळा भाग म्हणजे क्षितिज नव्हे, तर क्षितिजाच्या सुमारे अडीच पट मोठी सावली.

कृष्णद्रव्य (न दिसणारं, फक्त गुरुत्वाकर्षणातून जाणवणारं द्रव्य) आणि कृष्णविवर या वेगळ्या गोष्टी आहेत.

हॉकिंग प्रारणामुळे, म्हणजे सिद्धांताप्रमाणे कृष्णविवरातून निघणाऱ्या अतिमंद उष्णतेमुळे, आजची कृष्णविवरं आटत चाललेली नाहीत. सूर्याएवढ्या कृष्णविवराचं तापमान अंशाच्या कोट्यवधीव्या भागांत मोजावं लागतं, आणि भोवतालचं विश्व २.७ केल्व्हिनचं आहे. कृष्णविवर देतं त्यापेक्षा घेतं जास्त.

महाकाय कृष्णविवरंही ताऱ्याच्या स्फोटातून झाली

ताऱ्याचं मरण समजलं की लेखक तेच गणित दीर्घिकांच्या केंद्रांनाही लावून मोकळा होतो. विश्व ७० कोटी वर्षांचंही नव्हतं तेव्हा शंभर कोटी सूर्यांहून जड कृष्णविवर असलेले क्वेसार, म्हणजे आत पडणाऱ्या वायूमुळे लखलखणारी दीर्घिकांची केंद्रं, आपल्याला दिसले आहेत. आता हिशेब करा. आत पडणाऱ्या वायूचा प्रकाशच नवा वायू बाहेर ढकलत असतो, म्हणून वाढीला एक मर्यादा पडते, आणि ती पाळली तर वस्तुमान दुप्पट व्हायला ढोबळपणे साडेतीन कोटी वर्षं लागतात. दहा सूर्यांपासून दीडशे कोटींपर्यंत जायला सत्तावीस वेळा दुप्पट व्हावं लागेल, म्हणजे नव्वद कोटींहून जास्त वर्षं, तेही अखंड खाद्य मिळत राहिलं तर. हाताशी तेवढी वर्षंच नव्हती.

म्हणून अशा मसुद्यात मी 'स्फोटातून' हा शब्द खोडते आणि समासात शक्यता लिहून देते. पहिल्या पिढीच्या अतिजड ताऱ्यांपासून शे-दोनशे सूर्यांची बीजं तयार झाली आणि ती काही काळ मर्यादा मोडून वाढली. किंवा वायूचा अख्खा ढगच, तारे न बनवता, कोसळून हजारो-लाखो सूर्यांचं बीज तयार झालं. कदाचित दोन्ही. खगोलशास्त्रज्ञांत यावर अजून एकमत नाही, आणि लेखातही ते तसंच लिहायचं.